शहाण्णव विहिरी

इथे त्यांना 'वेल' म्हणतात, म्हणजे विहिरी.
तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत
शहाण्णव विहिरी, प्रत्येकीत
तीळभर रक्त.
पहिल्या दिवशी मी ऐकलं ते वेल,
आणि शोधत राहिले मांडव.

डंडीत सकाळी समुद्रावरून धुकं येतं,
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपतो.
शीना कोट झटकत म्हणते, हार आलाय आज.
धुक्याचं इथलं नाव आहे ते.
गळ्यात घालायचा, की पत्करायची,
मी विचारत नाही.

शीना तीस वर्षं हिवतापाचे परजीवी पाळते.
रविवारीही येते, कारण त्यांना रविवार नसतो.
काचेच्या हंडीत मेणबत्ती लावायची, झाकण ठेवायचं;
ज्योत हवा खाऊन विझते,
आणि उरलेल्या गुदमरीत ते सुखाने वाढतात
सदतीस अंशांवर.
"पोरांना जेवू घातलंस का?" ती विचारते.
मी जुनं काढते, नवं ओतते,
रक्तपेढीचं, मुदत संपत आलेलं.
कुणाचं, ते पिशवीवर नसतं.
असेल एखाद्या बसचालकाचं,
ज्याला डास चावला तो फक्त सुट्टीत.

काचेवर जांभळा रंग चढला की
पेशीत दिसते अंगठी, एका खड्याची.
अठ्ठेचाळीस तासांत पेशी फुटते.
आमच्याकडे तिजारी म्हणत:
एक दिवस गोधडी, एक दिवस कामावर,
पुन्हा गोधडी.

पाकिटं आली पामुलगौतमच्या काठावरून,
परवान्यांत अकरा महिने अडकून.
सोबत मासा पुंगाटीचं सांगणं,
शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरात:
सातविणीची साल. आधी झाडाला विचारा.
उगवतीकडची काढा.
आपली सावली तिच्यावर पडू देऊ नका.

'पद्धत' या रकान्यात मी लिहिलं:
वाळलेली साल, दहा ग्रॅम, मिथेनॉल.
सावलीसाठी रकाना नव्हता.

तीन दिवसांनी यंत्राने आकडे दिले.
क्लोरोक्विनच्या ओळीत अंधार, हवा तसा.
भुईनिंब, थोडंसं.
सागरगोटा, नाही.
सातवीण: एक ते बारा, सगळ्या विहिरी
हिरव्यागार उजळलेल्या,
परजीवी मजेत.

पुन्हा केलं. पाण्यात उकळून केलं.
एका रात्री, कुणी नसताना,
दिव्याकडे तोंड करून उभी राहिले
म्हणजे सावली मागे पडेल.
हे वहीत नाही.
तरी हिरव्याच.

टेकडी चढल्यावरच तिकडे रेंज येते.
तो माडियात बोलतो, मास्तर मराठीत.
मी म्हटलं, सातविणीने काही होत नाही.
बराच वेळ नुसता वारा.
मग प्रश्न आला: रक्त कुणाचं होतं?
इथल्याच कुणाचं तरी, मी म्हटलं.
मास्तर हसू दाबत म्हणाले, तो विचारतोय,
मग झाडाने त्याला ओळखायचं कसं?

आणि थोड्या वेळाने, हेही सांगतोय:
गेल्या महिन्यात नातू तापला होता.
साल उगाळून दिली,
आणि दवाखान्यातल्या गोळ्याही, सगळ्या, वेळेवर.
दोन्ही.
तो काय वेडा आहे?

ताटल्या ब्लीचमध्ये बुडवल्या.
लाल, मग तपकिरी, मग काहीच नाही.
अहवालात एक शब्द भरला: निष्क्रिय.
उरलेल्या सालीची कपची, नियम मोडून,
जिभेवर ठेवली.
शीनाच्या दोन चमचे साखरेच्या चहातही ती कडूच राहिली,
बसथांब्यावरही.

पुलाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं.
सव्वासहाची गाडी आली, दिवे लावलेली,
आणि वेग कमी न करता
त्यात शिरली.